मेंढ्याचे मेंडोझा

सावलीच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा आमचा मुलूख मध्य प्रदेशात होता आणि चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. मी वर्ध्याकडची. झाडीपट्टीतली बोली अजून कानाला सरावली नव्हती. पंधरा दिवस झाले असतील नसतील, एके सकाळी डॉक्टर देशकर हातात कागद घेऊन बाहेर आले.

"सिस्टर, उद्या चांद्याहून कोणी मेंडोझा येतायत. देवी टोचायच्या कामावर नेमलेत. गोव्याकडचा माणूस दिसतो. त्यांच्या जेवणाचं काय करायचं?"

मग आमची धांदल उडाली. कंपाउंडर मारोतराव पाटलांच्या घरून हातांची खुर्ची घेऊन आले. मी ट्रंकेतली भरतकामाची चादर काढून टेबलावर घातली. कोंबडीची अंडी मागवून ठेवली. डॉक्टर स्वतः दोनदा आरशात पाहून आले आणि दोन इंग्रजी वाक्यं पुटपुटत व्हरांड्यात फेऱ्या मारू लागले.

दुपारी फाटकाशी सायकल थांबली. काळासावळा, उंच, पन्नाशी ओलांडलेला माणूस. अंगात खाकी शर्ट, गुडघ्यापर्यंतची चड्डी, पायात टायरच्या वहाणा. चेहरा देवीच्या वणांनी भरलेला. सायकलच्या मागे ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक मडकं बांधलं होतं.

"बाई, थोडं पानी भेटन का?" तो मला म्हणाला. "आन सायकल सावलीत लावतो. मडक्यात लस हाय."

डॉक्टरांनी त्याच्यामागे रस्त्यावर नजर टाकली. "मेंडोझासाहेब मागून येतायत का?"

"साहेब कोनी नाई येत मागून. मेंडोझा मीच."

पाणी पिऊन त्याने टेबलावरच्या चादरीकडे, खुर्चीकडे, अंड्यांच्या टोपलीकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "आज लगन हाय का इथी कोनाचं?"

पहिले हसले ते डॉक्टर. त्या दिवसापासून पुढची सहा-सात वर्षं हा माणूस महिन्यातून दोनदा तरी आमच्या व्हरांड्यात मुक्कामाला असे. खुर्चीवर मात्र तो कधीच बसला नाही. खेड्यात तर नाहीच नाही. "खुर्चीवर बसला का लोकाइले जंगलखात्याचा साहेब वाटते, नाई त दारू पकडनारा," तो म्हणे. "मंग हात कोन दाखवन?"

त्याचं सगळं जग हातांचं होतं. माणसाचा चेहरा त्याच्या लक्षात राहत नसे, दंड राहत असे. बाजारात एखादा जवान गडी समोरून आला की मेंडोझा त्याची बाही वर करून बघत आणि म्हणत, "पाथरीचा नं तू? चार टोचले होते, तीन उठले. लय लाथा मारल्या होत्या तू मले." तो गडी लाजून हसे. लस टोचायची छोटीशी फिरकीसारखी सुई ते स्पिरिटच्या दिव्यावर धरत, गार होऊ देत आणि तेवढ्या वेळात मुलाशी भलत्याच गोष्टी बोलत. मुलाने तोंड उघडायच्या आत काम झालेलं असे. आठवड्याने परत जाऊन टोचणी उठली, म्हणजे तिथे फोड आला की नाही ते स्वतः बघत. वहीत नुसती खूण करून चालतं हे त्यांना कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे. कोणी म्हणालं, उद्या टोचू, पोळा होऊ द्या, धानाची रोवणी होऊ द्या, तर मेंडोझा खाली मांडी घालून बसत आणि म्हणत, "घाई नाई. पन आजच."

लोकांना त्यांचं नाव झेपत नसे. आमच्या भागात मेंढे आडनावाची घरं पुष्कळ, तेव्हा मेंडोझाचे मेंढेभाऊ व्हायला एक पावसाळासुद्धा लागला नाही. त्यांनीही कधी दुरुस्ती केली नाही. मीच एकदा विचारलं, तुमचं गाव कुठलं, हे नाव कुठलं?

ते व्हरांड्याच्या पायरीवर बसून विडी वळत होते. म्हणाले, "नाव स्पेनचं हाय बाई. मी कुठला ते मले बी ठाऊक नाई."

मग सांगितलं. मोठ्या दुष्काळात आईबाप गेलेली, टाकलेली पोरं कामठीकडच्या एका मिशनात गोळा झाली होती. त्यांतले हे एक. दोन-तीन वर्षांचे असतील, अंगावर देवीच्या खपल्या. तिथला पादरीबाबा स्पेन देशातून आलेला, आडनाव मेंडोझा. ज्या पोरांना नाव सांगता येत होतं त्यांना त्यांचं नाव राहिलं. ज्यांना येत नव्हतं त्या नऊ जणांना पादरीबाबाने आपलंच आडनाव दिलं.

"त्यातला एक बल्लारशाले इंजनात कोयसा टाकते. एक वर्धेले शिंपी हाय, एक जबलपुरात खानसामा. एक बहीन नागपुरात नर्स होती तुमच्यासारखी. दरसाल नाताळात मी सगळ्याइले कार्ड टाकतो. नऊ भावंडं, आन एकाचं बी रगत दुसऱ्याशी नाई." विडी पेटवून ते हसले. "पादऱ्याचं आडनाव, मनून नऊ घरं चालली. नाई त तो बिचारा बिनवारसाचाच मेला असता."

हे सांगताना आवाजात कुठे ओल नव्हती. एखादा माणूस आपल्या वावराची चतुःसीमा सांगतो तसं ते सांगत होते.

त्यांना एकच छंद होता. शाळेच्या मास्तरांनी त्यांना एकदा नकाशात दाखवलं होतं की पार पृथ्वीच्या पलीकडे, दक्षिण अमेरिकेत मेंडोझा नावाचं शहर आहे. मेंडोझांना फार आनंद झाला. तिथे काय पिकतं म्हणून त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, द्राक्षं. पाऊस? फारच कमी. "मंग धान होत नसन," असं म्हणून मेंडोझांनी ते शहर निकालात काढलं. पण वहीच्या शेवटच्या पानावर त्याचं नाव लिहून घेतलं. त्याच पानावर बाकीच्या आठ भावंडांचे पत्ते होते आणि आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा नावाच्या सगळ्या गावांची यादी होती, कोणतं कुठल्या नाल्यावर, किती घरांचं. "नावातले सगळे सोयरे," ते म्हणत.

या यादीचा उपयोग आम्हाला एका उन्हाळ्यात झाला.

कोतवाल निरोप घेऊन आला की मेंढ्याला माता निघाली. झाडीत देवीच्या रोगाला माता म्हणतात. डॉक्टरांनी मेंडोझांना सडकेवरच्या मेंढ्याला पाठवलं. संध्याकाळी ते घामाघूम होऊन परतले. तिथे कोणाला साधा तापसुद्धा नव्हता. कोतवालाला निरोप तिसऱ्याच माणसाने दिला होता, त्याचाही दोष नव्हता. मेंडोझांनी वहीचं शेवटचं पान उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "ढिवराइचा मेंढा. मासोळ्या धरनाऱ्याइचा, वैनगंगेच्या काठचा. तिथी मले आजवर कोनी शिरू देल्लं नाई. तिथी माता आली असन त निरोप असा चोरूनच येइन."

डॉक्टर मला म्हणाले, सिस्टर, तुम्हीही जा, बायका पुरुषाला हात दाखवणार नाहीत. पहाटे मी बैलगाडीने आणि मेंडोझा सायकलने निघालो.

गावाच्या तोंडाशी वाटेवर आडवी दोरी आणि तिला कडुनिंबाचे डहाळे बांधलेले. म्हणजे गाव बांधलं होतं. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. दोरीपलीकडे मातामायचा पुजारी चार माणसं घेऊन उभा होता. त्याने आम्हाला तिथूनच हात केला.

"परत जा भाऊ. माय आली हाय गावात. परकं मानूस आलं का कोपते."

"किती घरात आली?" मेंडोझांनी विचारलं.

"तिच्या घरची मोजदाद करनारे तुम्ही कोन?"

मेंडोझा वादात पडले नाहीत. सायकल झाडाला टेकवली, मडकं सावलीत ठेवलं, वर पाणी शिंपडलं आणि दोरीच्या अलीकडे जमिनीवर बसले. मीही बसले. ऊन चढत गेलं. गावातून कुठून तरी एका लहान मुलाचं कण्हणं येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं. मला बसवेना. मी म्हटलं, पोलीस आणायचे का? ते म्हणाले, "पोलिसानं दोरी तुटन बाई, दंड नाई उघडा होत."

दुपारी दोरीच्या आतून, नदीकडून एक म्हातारी आली. डोक्यावर मासोळ्यांची टोपली, अंग काटक, सत्तरीच्या आतबाहेर. दोरीशी थांबून ती मेंडोझांकडे पाहू लागली. तिचं नाव सोनाबाई हे मला मागाहून कळलं.

"कोन हाय हा?" तिने पुजाऱ्याला विचारलं.

"देवी टोचनारा. मेंढे."

"मेंढे नाई," मेंडोझा म्हणाले. "मेंडोझा. पादरीबाबानं देल्लेलं नाव हाय. बाप कोन, गाव कोनतं, ठाऊक नाई. मोठ्या दुष्काळात सापडलो. माता मले बी आली होती, हे पाहा." आणि त्यांनी उन्हात तोंड वर केलं.

म्हातारी दोरीखालून वाकून अलीकडे आली. तिने टोपली खाली ठेवली, दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला आणि बराच वेळ वणांवरून अंगठा फिरवत राहिली. मग एकदम ओरडली.

"सोम्या! अवं, हा माहा सोम्या हाय! दुष्काळात मिशनवाल्यानं नेल्ला तो! माहा भाऊ आला वं!"

तिने असा हंबरडा फोडला की घराघरांतून बायका बाहेर आल्या. दुष्काळात बहीणभाऊ अन्न शोधत गाव सोडून गेले होते आणि सोना एकटीच परत आली होती, हे जुन्या माणसांना माहीत होतं. पुजाऱ्याचा चेहरा गोंधळला.

मेंडोझांनी तिचे हात बाजूला केले. "बाई, मी तुझा भाऊ असन का नसन, मले सांगता येत नाई. खोटं नाई बोलत. पन सुई घे."

"आयका!" सोनाबाई पुजाऱ्याकडे वळली. "परक्याले दोरी हाय. गावच्या पोराले कोनती दोरी?" आणि तिने आपल्याच हाताने ती दोरी वर उचलून धरली.

आम्ही आत गेलो. पहिला हात सोनाबाईचा, दुसरा तिच्या सहा महिन्यांच्या नातवाचा. मग बायका पुढे आल्या. पुजारी सगळ्यांत शेवटी आला आणि तोंड फिरवून बाही वर केली. सूर्य मावळायच्या आत सगळं गाव टोचून झालं. ज्या मुलांच्या अंगावर माता आधीच फुलली होती त्यांतली दोन गेली. त्यांच्यासाठी आमच्याजवळ काही औषध नव्हतं. पुढच्या आठ-दहा दिवसांत आणखी तिघांना आली, तीही हलकी. मग थांबली. नातवाच्या दंडावर चारही टोचण्या उठल्या होत्या, हे मेंडोझा मला आठवड्याने दारातूनच ओरडून सांगत आले.

त्या दिवाळीत सोनाबाईने भाऊबीजेला बोलावणं पाठवलं. मेंडोझा म्हणाले, "जातो. बोलावलं त जावं." गेले, ओवाळून घेतलं, झिंग्यांची भाजी आणि भात जेवले, तिला लुगडं दिलं. मग दरसाल जाऊ लागले. गावातली पोरं त्यांना मामा म्हणू लागली. एवढी वर्षं ज्याला कोणी मामा म्हटलं नव्हतं त्या माणसाच्या चालण्यातसुद्धा फरक पडला. आम्ही मुंबई राज्यात गेलो, कागदांवरचे शिक्के बदलले, मेंडोझांची भाऊबीज चालू राहिली.

ते घाबरलेले मी एकदाच पाहिले. सोनाबाईचं बापाच्या नावचं थोडं धानाचं वावर होतं. तिने पटवाऱ्याला बोलावून सांगितलं की माझ्या भावाचंही नाव लाव.

"बाई, आता हे जड झालं," मेंडोझा मला म्हणाले. विडी हातात तशीच विझली होती. "तोंडाचं नातं तोंडात ऱ्हायते. कागदावर चढलं का तिच्या पोराच्या ताटातलं जाते. मी भाऊ नसलो त?"

त्यांनी मिशनला पत्र घातलं. माझ्या नावाची जुन्या वहीत काही नोंद आहे का? महिन्याभराने उत्तर आलं, इंग्रजीत. त्यांना इंग्रजी अक्षरं लावता येत, अर्थ कळत नसे. पत्र माझ्यापुढे धरलं. मी मनातल्या मनात वाचलं आणि थांबले.

"वाचा. घाई नाई, पन आजच."

नोंद स्पष्ट होती. सुमारे दोन वर्षांचा मुलगा, देवीतून उठलेला. बालाघाटकडून येणाऱ्या एका गाडीवानाने आणून दिला. वैनगंगेचा आमचा काठ तिथून किती लांब! मी मराठीत सांगितलं. त्यांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि सायकल बाहेर काढली. मग म्हणाले, "चला. तुमाले तशी बी मेंढ्याले बाळंतीन पाहाची हाय नं?"

सोनाबाई अंगणात जाळं विणत बसली होती. मेंडोझा तिच्यासमोर खाली बसले आणि एका दमात सांगून टाकलं. "सोनाबाई, मी सोम्या नाई. कागद आला. मी बालाघाटकडचा हाय. वावरावर माहं नाव लावू नोको."

तिने जाळ्यावरून नजर उचलली नाही.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली.

"कदीपासून?"

"पयल्या दिसापासून. सोम्या माह्या मांडीवरच गेला. भुकेनं. मीनंच त्याले नदीच्या रेतीत पुरलं, हातानं. गावाले सांगतलं, मिशनवाल्यानं नेल्लं. पुरलं मनून सांगवत नोतं मले."

मी विचारलं, "मग त्या दिवशी काऊन म्हटलंत?" नोकरीतलं शुद्ध बोलणं सुटून माझ्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा 'का'च्या जागी 'काऊन' निघालं.

"माता तीन घरं सोडून आली होती. नातू सहा महिन्याचा. पुजारी माहं आयकत नोता, तुमचं त नाईच नाई. पाव्हन्याले कोनी घेतलं नसतं. भावाले कोन अडवते?" तिने गाठ ओढून घट्ट केली. "एक पोरगं मी पुरलं होतं. दुसरं नोतं पुराचं."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. मेंडोझांनी विचारलं, "मंग आता वावर काऊन देऊन राह्यली? काम त झालं."

सोनाबाईने आता कुठे त्यांच्याकडे पाहिलं. थोडी चिडलीच.

"काऊन मंजे? भाऊ म्हनलं ना मी? चार लोकात म्हनलं, मायच्या समोर म्हनलं. भाऊ म्हनलं त भावाचा वाटा देवाच लागन. तू कुठला हायस ते मले काय कराचं?"

आतून तिची सून गुळाचा चहा घेऊन आली. मेंडोझांनी कपबशी हातात घेतली.

"वावर नोको," ते म्हणाले. "ते पोराचं हाय. झोपडीपुरती जागा देजो. रिटायर झालो का येतो."

"घाटाकडची घे," ती म्हणाली. "खालची पान्यात जाते."

आणि विषय संपला. परतताना मेंडोझा सायकलवर बसलेच नाहीत. माझ्या गाडीच्या चाकाबरोबर चालत राहिले. निम्म्या वाटेवर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "इतके साल मी समजत होतो का मी खरं बोललो आन गाव फसलं नाई. बुढीनं सगळ्याइले फसवलं, आन सगळे वाचले." मग थोडं चालून, "बहीन असावी त अशी," असं म्हणाले.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाला डॉक्टरांनी हार घातला. त्यांनी सुई पुसून डबीत ठेवली, नव्या माणसाच्या हातात दिली आणि त्याला कुठल्या गावात कोणाला आधी टोचायचं ते तासभर सांगत बसले. त्याच सुमारास माझी बदली गडचिरोलीला झाली.

निघायच्या दिवशी घाटावर बस थांबली. नदीवर तेव्हा पूल नव्हता. आम्ही बायकापोरं, ट्रंका, गाठोडी घेऊन डोंग्यात बसलो. नावाड्याने बांबू टेकला आणि पाणी कापत डोंगा निघाला. मधल्या वाळूच्या पट्ट्यापाशी गुडघाभर पाण्यात एक उंच माणूस उभा होता. खाकी चड्डी, अंगात बंडी, खांद्यावर जाळं. त्याने जाळं फिरवून फेकलं. ते पसरलंच नाही, गोळा होऊन धपकन पाण्यात पडलं. काठावरून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "कोपर वर, कोपर! कितीदा सांगाचं?" पोरं खिदळली. तो माणूस मुळीच ओशाळला नाही. ओलं जाळं शांतपणे ओढून घेतलं, झटकलं, कोपर वर केलं.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. डोंगा धारेला लागला होता. नावाडी म्हणाला, "तिकडं पाहून नोका राहू बाई, नीट धरून बसा." मी वळून पाहिलं तेव्हा जाळं पुन्हा हवेत होतं आणि या वेळी ते चांगलं गोल उघडलं.